घरचं कुत्रं अचानक गुरगुरायला लागलंय, घरात लहान पोरगं आहे, काय करावं?

वडगावची_सून

नमस्कार. आम्ही बेळगावात वडगावला राहतो. घरात वाघ्या आहे, गावठीच पण आई मुधोळ जातीची असणार म्हणतात, लांब पाय, बारीक कंबर, तोंड निमुळतं. दिरानं चंदगडकडनं पिल्लू असताना आणलेला, आता पाच वर्षांचा होत आला. आजवर कुणाला दात लावलेला नाही, पोरगं रांगत असताना त्याच्या अंगावर पडायचं तरी हा उठून बाजूला जायचा बस्स. पण गणपती झाल्यापासनं हा वेगळाच वागूलालाय. जेवताना कोण जवळनं गेलं की खायचं थांबवतो, तोंड ताटलीतच ठेवतो, हालत नाही, फक्त डोळे फिरवून बघतो नि घशातनं आवाज काढतो. परवा पोरगं (सात वर्षाचं आहे) पलंगाखाली गेलेला बॉल काढायला वाकलं, हा तिथं झोपलेला, एकदम दात दाखवून अंगावर आला. चावला नाही, पण शर्टाची बाही त्याच्या दातात आली.

घरात आता दोन मतं. आमचे हे म्हणतात गुरगुरला की तिथल्या तिथं दोन फटके द्यायचे म्हणजे आठवण राहते. सासूबाई म्हणतात जांबोटीच्या रानात नेऊन सोडा, उद्या पोराला काय झालं तर कोण जबाबदार. मला दोन्ही पटत नाही पण भीती मलाही वाटते, रात्री पोरगं उठलं की मी आधी कुत्रं कुठं आहे बघते.

आणि दुसरं म्हणजे गल्लीच्या तोंडाला चार-पाच कुत्री असतात, पोराला ट्यूशनला सोडायला स्कूटी काढली की मागे लागतात. त्यातली एक आता व्यायलीय, गटारीच्या पाईपात पिल्लं आहेत. कुत्रं कधी खरंच चावणार आणि कधी नुसतं ओरडूलालंय हे ओळखायचं कसं, कुणाला अनुभव असेल तर सांगा की.

मळ्यातला_मामा

ताई, मी जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून बरीच वर्षं काम केलंय, गाई-म्हशी जास्त पण कुत्री पण पुष्कळ हाताखालनं गेलीत. पहिली गोष्ट, त्याला मारू नका. गुरगुरणं हा गुन्हा नाही, ते त्याचं सांगणं आहे की लांब व्हा, मला सहन होईना. फटके देऊन देऊन तेवढं सांगणं बंद करता येतं, पण आतली भीती किंवा दुखणं तिथंच राहतं, आणि मग जे कुत्रं आधी आवाज द्यायचं ते आवाज न देता सरळ तोंड टाकतं. “काही न करता एकदम चावला हो” म्हणून लोक येतात ना दवाखान्यात, त्यातल्या बऱ्याच कुत्र्यांनी आधी दहा वेळा सांगितलेलं असतं, कुणी ऐकलेलं नसतं.

तुम्ही जे लिहिलंय, तोंड ताटलीत नि डोळे फिरवून बघणं, ते नीट लक्षात ठेवा. डोळ्याचा पांढरा भाग कडेला दिसायला लागतो आणि अंग थिजतं. हालणारं, उड्या मारणारं, भुंकणारं कुत्रं बरं, थिजलेल्या कुत्र्याच्या जवळ जाऊ नये. त्याच्या अगोदरच्या खुणा तर आणखी बारीक असतात, झोप नसताना जांभई देतो, खायचं काही नसताना ओठावरनं जीभ फिरवतो, तोंड दुसरीकडं वळवतो, कान मागे पाडतो. पोरं कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात त्यात बघा, निम्म्या फोटोत कुत्रं तोंड फिरवून असतं, आणि मोठी माणसं म्हणतात किती प्रेम आहे बघा.

आता मला हे सांगा. पाच वर्षं गुणानं राहिलेलं कुत्रं महिन्या-दीड महिन्यात बदलत असेल तर माझा पहिला संशय दुखण्यावर. डोकं झटकतो का, कान खाजवतो का, एका बाजूनं चावून खातो का, पायऱ्या चढताना कुरकुरतो का, डोळ्यानं कमी दिसतंय का? आणि पावसाळ्यात घरात काय बदललं? बांधायला लागला का, जागा हलवली का, नवीन माणूस आलं का?

सीमाभागी

मामांचं बरोबर असेल पण मी वेगळं सांगतो. पोरगं आधी, कुत्रं नंतर. एकदा घरच्यावर उलटलं की ते परत उलटणार. आमच्या निपाणीत शेजाऱ्यांच्यात असंच झालं, आज उद्या करत बसले आणि शेवटी पोरीच्या गालाला टाके पडले. प्रेम वगैरे ठीक आहे, रिस्क कशाला घ्यायची.

मळ्यातला_मामा

पोरगं आधी यात वादच नाही भाऊ. लहान पोरांना चावा बहुतेक तोंडावर नि डोक्यावरच बसतो, कारण त्यांचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला असतं, म्हणून तर मी म्हणतोय की आजपासनं दोघं एका खोलीत मोठ्या माणसाशिवाय नकोत. मोठं माणूस म्हणजे शेजारी बसून मोबाईल बघणारं नव्हे, लक्ष ठेवणारं. पण कारण न बघता निकाल लावू नये एवढंच माझं म्हणणं.

वडगावची_सून

मामा, तुम्ही विचारलं तसं बघितलं. डोकं सारखं झटकतो हे खरं आहे, मला वाटलं माशांमुळं. उजव्या कानाजवळ हात नेला तर मागं सरकतो, आणि तिथं वास पण येतोय. बांधायचं म्हणाल तर होय, पावसात कंपाऊंडची भिंत एका बाजूनं पडली तेव्हापासनं बहुतेक वेळ दारात साखळीला असतो, नाहीतर आधी मोकळाच असायचा. दारातच त्याची ताटली, तिथनंच सगळ्यांची ये-जा.

मळ्यातला_मामा

मग निम्मं उत्तर तुम्हीच दिलंत की ओ. कान आधी दाखवा, उद्याच. पावसाळ्यात कानात ओल राहून घाण होते, कधी आत गोचीड असते, आणि कानाचं दुखणं फार वाईट, नुसता हात जवळ आला तरी जनावर अंगावर येतं. घरात तेल, हळद, हायड्रोजन पेरॉक्साईड असलं काही ओतू नका, पडदा फाटला असेल तर नुकसान होतं. दवाखान्यात नेताना तोंडाला मुसकी बांधा, मलमपट्टीची पट्टी घेऊन नाकाडावर एक वेढा, हनुवटीखाली फिरवून कानामागं गाठ. तेवढ्या वेळेपुरतीच हं, पट्टीनं बांधलेल्या कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत, ऊन असेल तर जीव घाबरा होतो. दुकानात जाळीची मुसकी मिळते, त्यात तोंड उघडता येतं, पाणी पिता येतं, ती एक घेऊन ठेवाच. पहिल्याच दिवशी कोंबू नका, आत भाकरीचा तुकडा लावून त्याचं त्यालाच तोंड घालू द्या, चार-पाच दिवसात सवय होते.

साखळीचं पण मनावर घ्या. मोकळ्या कुत्र्याला भीती वाटली तर ते उठून जातं, तुमचा वाघ्या आधी तेच करायचा, पोरगं अंगावर पडलं की बाजूला व्हायचा. बांधल्यावर बाजूला व्हायची सोयच राहिली नाही, मग उरलं काय, गुरगुरणं नि चावणं. त्यात ताटली रस्त्यात. भिंत होईपर्यंत त्याला मागच्या बाजूला किंवा जिन्याखाली जागा करा जिथं पोरगं जाणार नाही, खाणं तिथं, झोपणं तिथं. पलंगाखाली जायचं बंद करा, फळी लावा.

खाताना राखण करतो त्यालाही उपाय आहे पण कान बरा झाल्यावर आणि तो मोठ्या माणसानंच करायचा. लोक काय करतात, ताटली ओढून घेतात, हात घालून बघतात, “मालक कोण ते कळू दे” म्हणून. त्यानं त्याची खात्रीच पटते की ही माणसं खाणं चोरायला येतात. उलटं करा. तो खात असताना तो थिजत नाही एवढ्या लांबनं जाताना मटणाचा किंवा अंड्याचा तुकडा त्याच्याकडं टाकायचा नि निघून जायचं. थांबायचं नाही, वाकायचं नाही, कौतुक करायचं नाही. माणूस आलं की ताटलीत भर पडते हे त्याच्या डोक्यात बसलं की तो मान वर करून वाट बघायला लागतो. मग थोडं जवळनं. परत थिजला तर तुम्ही घाई केली असं समजा, मागं जा. पोराला यात अजिबात घेऊ नका.

पोराला तीनच गोष्टी शिकवा, खाताना नाही, झोपलेला असताना नाही, बांधलेला असताना नाही. बाकीचं मोठ्यांनी सांभाळायचं, सात वर्षाच्या पोरावर सगळी जबाबदारी टाकू नये.

मुधोळचं रक्त आहे म्हणून कुणी घाबरवलं तर ऐकू नका. मुधोळ हे नजरेनं शिकार करणारं, पळणाऱ्या सशामागं जाणारं कुत्रं, सैन्यानं पण 2016 मध्ये मुधोळची पिल्लं मेरठला ट्रेनिंगला नेली होती. माणसाशी ते जरा लाजरंच असतं, अनोळखी हात अंगावर आलेला आवडत नाही. पळणाऱ्या गोष्टीमागं जाणार मात्र, म्हणून पोरं पकडापकडी खेळताना त्याला आत ठेवा.

फौंड्री_सेकंड_शिफ्ट

घरच्या कुत्र्याचं मामांनी सांगितलं, रस्त्यावरच्यांचं मी सांगतो कारण उद्यमबागेतनं रात्री शिफ्ट सुटली की पिरनवाडीपर्यंत हाच विषय. गाडीमागं लागणारं कुत्रं चावून जेवढी माणसं जखमी होत नसतील तेवढी घाबरून गाडी पळवताना पडतात, आमच्या खात्यातल्या पोराचं मनगट तसंच मोडलं. पळणारी वस्तू दिसली की त्यांना पाठलाग सुचतो, स्पीड वाढवला की त्यांचाही वाढतो. मी लांबनं दिसली की ॲक्सिलेटर सोडतो, हळू सरळ जातो, हॉर्न नाही, पाय उचलून लाथ मारायला तर मुळीच नाही, तोल जातो. अगदी चाकाजवळ आली तर गाडी थांबवायची, दोन्ही पाय खाली, गप्प. चार सेकंद भुंकतात नि त्यांची मजा संपते. मग गाडी हळू काढायची. त्यांची हद्द पण ठरलेली असते बघा, एका पोलपासनं दुसऱ्या पोलपर्यंत, तिथं आपोआप थांबतात.

चालत असाल तर पळायचं नाही, हे सगळे सांगतात पण पाय ऐकत नाहीत, म्हणून पोराला घरात सराव करून घ्या. थांबायचं, हात छातीशी, बोटं मुठीत, बघायचं आपल्या पायाकडं, डोळ्याला डोळा नाही. ओरडायचं नाही. कुत्रं वास घेऊन जातं. ते जरा मागं सरलं की एक-एक पाऊल तिरकं मागं जायचं, पाठ दाखवायची नाही. आणि खाली पाडलंच तर पोटाशी गुडघे घेऊन मुटकुळं व्हायचं, मुठी कानावर, मान झाकलेली, हलायचं नाही. दप्तर, छत्री, चप्पल, जे असेल ते कुत्र्याच्या नि आपल्या मधे धरायचं, त्याला ते चावू दे. छत्री मधे धरायची हं, हवेत फिरवायची नाही.

दगडासाठी वाकलं की आपल्याकडची कुत्री पळतात हे खरं आहे, सगळ्यांनी मार खाल्लेला असतो. पण व्यालेल्या कुत्रीसमोर हे करू नका. ती पळून जाणार नाही, पिल्लं टाकून कुठं जाईल.

त्या पाईपातल्या कुत्रीचं सांगतो. भाद्रपदात कुत्री माजावर येतात, दोन महिन्यानं व्यातात, म्हणजे दिवाळीच्या मागंपुढं नि थंडीत गल्लोगल्ली हेच चित्र असतं. भाद्रपदात नर एकमेकात भांडतात तेव्हा मधे जायचं नाही, आणि पिल्लं झाली की आई राखण करते. पिल्लं पाईपातनं बाहेर यायला लागून जरा मोठी झाली की तिचा राग आपोआप कमी होतो. तोवर स्कूटी पलीकडच्या कडेनं काढा, पोराला पिल्लं बघायला जाऊ देऊ नका, गोड दिसतात म्हणून पोरं उचलायला जातात नि तिथंच घात होतो. शक्य असेल तर दुसरी गल्ली धरा महिनाभर, पाच मिनिटं जास्त लागतील.

बाकी चिकनच्या दुकानाचा कचरा कोपऱ्यावर पडतोय तोवर कुत्री तिथंच जमणार, भांडणार, हे गल्लीतल्या पंचांनी मनावर घ्यायला पाहिजे.

टिळकवाडी_वॉकर

व्हॅक्सिन डेपोला सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी एक जोडतो. शेपूट हलवतंय म्हणजे दोस्ती, असं नाही. सगळं अंग ढिलं, कंबरेपासनं हलूलालंय, शेपूट मधल्या उंचीला, तर ठीक. शेपूट काठीसारखी उभी, टोकच फक्त भराभर हलतंय, अंग ताठ, पाठीवरचे केस उभे, तर थांबा. आणि तुमचं कुत्रं दुसऱ्याशी भांडायला लागलं तर मधे हात घालू नका, ते तुमचाच हात धरतं आणि त्याला कळत पण नाही कुणाचा आहे. बादलीभर पाणी असेल तर टाका, नाहीतर दोघांनी दोघांचे मागचे पाय धरून मागं ओढायचं. अनोळखी माणसाच्या कुत्र्याला हात लावायच्या आधी मालकाला विचारा, नि कुत्र्यालाही विचारा, म्हणजे बाजूला उभं राहून त्याला आधी यायची संधी द्या. वरनं डोक्यावर हात नेऊ नका, छातीकडनं.

कोर्टकचेरी

सासूबाईंना सांगा, पाळलेलं कुत्रं रानात सोडणं हा प्राण्यांच्या छळाच्या 1960 च्या कायद्यात गुन्हा आहे. शिवाय घरात वाढलेलं जनावर रानात जगत नाही, नाहीतर जवळच्या वाडीत जाऊन कोणाच्या तरी पोरावर येतं. आणि पाळीव जनावराची खबरदारी न घेतल्यामुळं माणसाला इजा होण्याचा धोका असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून दारावर पाटी, लसीचं कार्ड, मुसकी, हे असू द्या.

गल्लीतल्या कुत्र्यांसाठी महापालिकेकडं लेखी अर्ज द्या, तोंडी नको, पोच घ्या. कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाच्या 2023 च्या नियमाप्रमाणं नसबंदी नि रेबीजची लस हे त्यांचं काम आहे. झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते, तुमच्या गल्लीतल्या किती कुत्र्यांना आहे ते मोजून अर्जात लिहा, तेवढं लिहिलं की टाळाटाळ करता येत नाही. विष घालणं वगैरे कुणी सुचवलं तर तिथंच थांबवा.

सिस्टर_खानापूर

सगळ्यांनी चांगलं लिहिलंय, पण चावल्यावर काय हे राहिलंच, आणि आमच्याकडं त्यातच उशीर करून येतात. जखम लगेच नळाच्या धारेखाली धरायची, साबण लावून पंधरा मिनिटं. पंधरा म्हणजे पंधरा, घड्याळ लावून, दोन मिनिटात पुसून मोकळं व्हायचं नाही. विषाणू तिथंच जखमेत असतो, साबणानं मरतो. मग बीटाडीन. तिखट, चुना, हळद, तंबाखू, कॉफी पावडर, बॅटरीतली काळी पूड, हे सगळं लावून आलेली माणसं मी बघितलीत, त्यानं आत आग होते नि धुवायला अडचण येते. पट्टी घट्ट बांधायची नाही, टाके पण शक्यतो लगेच घालत नाहीत.

मग त्याच दिवशी दवाखाना. सरकारी दवाखान्यात लस फुकट आहे, दंडात किंवा कातडीत देतात, पोटातल्या चौदा इंजेक्शनची भीती अजून लोकांच्या मनात आहे, ती बंद होऊन वीस वर्षं झाली. कातडीतल्या लसीचे दिवस 0, 3, 7 आणि 28, दंडातल्याला मधे 14 वा दिवस पण असतो. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शन असतं, इम्युनोग्लोब्युलिन, ते आपणहून विचारा, कारण लसीनं संरक्षण तयार व्हायला दिवस लागतात, तोवर ते काम करतं. ते प्रत्येक ठिकाणी असेलच असं नाही, तालुक्याला नसेल तर बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात पाठवतात, तेव्हा “पहिला डोस घेतलाय, बघू उद्या” म्हणू नका, निघाच. आणि तिसऱ्या डोसनंतर बरं वाटतंय म्हणून सोडून देतात ते करू नका. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की औषध नाही, माणूस वाचत नाही.

दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवायची म्हणतात ते बरोबर आहे, पण लस सुरू करून नजर ठेवायची, वाट बघून नाही. कुत्रं लाळ गाळतंय, जबडा लोंबतोय, आवाज बदललाय, झोकांड्या खातंय, समोर येईल त्याला, दगड-लाकडाला सुद्धा चावतंय, तर जवळ जाऊच नका, कळवा. उलट एकदम गप्प होऊन कोपऱ्यात अंधारात पडणारं पण असतं, त्याला दया येऊन पाणी पाजायला जातात. तोंडाजवळ हात न्यायचा नाही.

वडगावची_सून

सगळ्यांचे आभार, उद्या सकाळीच कान दाखवायला नेतोय, मुसकीचं ह्यांना वाचून दाखवलं, मारणार नाही म्हणाले. सिस्टर, एकच विचारते, वाघ्याचे दात शर्टाला लागले होते, पोराच्या दंडावर तांबूस ओरखडा होता, रक्त नव्हतं, दुसऱ्या दिवशी दिसत पण नव्हता. वाघ्याला लस दिलीय पण मागच्या वर्षीची चुकली बहुतेक. काही करायला पाहिजे का?

सिस्टर_खानापूर

होय, करायला पाहिजे. रक्त न आलेला ओरखडा सुद्धा धरतात, त्याला लस असते, फक्त ते जखमेतलं इंजेक्शन लागत नाही. नुसतं कापड ओढलं गेलं नि खालची कातडी अजिबात खरचटली नसती तर गरज नव्हती, पण तुम्ही ओरखडा बघितलाय ना. उद्या कुत्र्याला एकीकडं नि पोराला दुसरीकडं घेऊन जा, पोराच्या डॉक्टरांना नक्की तारीख सांगा कधी झालं ते. उशीर झालाय म्हणून जायचं टाळू नका, कितीही दिवस झाले असले तरी सुरू करतात. आणि वाघ्याची लस त्याच फेरीत विचारून घ्या, कान फार दुखत असेल नि ताप असेल तर डॉक्टर ती चार-आठ दिवसांनी देतील, तारीख कार्डावर लिहून घ्या.